आठ महिन्यांच्या पुतणीची पोलीस चौकशी

अरे, आमच्या पुतणीची पोलीस चौकशी झाली होती, माहितीये? नव्वदच्या आसपासची गोष्ट. मोठा भाऊ मस्कतला नोकरीला, मुलगी तिथेच जन्मली. तिला इकडे आणायचं तर पासपोर्ट हवा, आणि त्याची चौकशी आली आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या पत्त्यावर. हवालदार कागद घेऊन दारात उभे.

"अर्जदाराला बोलवा."

मी म्हणालो, "ती मस्कतला आहे. आठ महिन्यांची आहे."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. पण वर्तणुकीबद्दल शेजाऱ्यांना विचारणं भागच होतं. मी शेजारच्या अक्कांना बोलावलं.

"मुलीला ओळखता का?"

"मी गल्लीमा बठ्ठास्ले वळखस, पन तिले कधी देखं नही," अक्का अहिराणीत सरळ बोलून गेल्या. म्हणजे गल्लीतले सगळे ओळखीचे, पण हिला कधी पाहिलंच नाही.

झालं, आता पासपोर्ट अडकणार. हवालदार कागदाची घडी घालायला लागले. मग माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "नाना, तुम्ही तर आजोबा. तुम्ही तरी पाहिलंय ना तिला?"

'हो म्हणा' असं मी डोळ्यांनी खुणावत होतो. नाना म्हणाले, "नाही ना साहेब. म्हणून तर पासपोर्ट पाहिजे."

 हवालदार खुर्चीवर बसले, घडी उलगडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "वर्तणूक उत्तम."

त्या दिवाळीत पुतणी नानांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढत होती, आणि नाना कोणाला तिला उचलू देत नव्हते.