नेटवर घावतंय की!

...न्हाय, पण मी म्हणतो, एवढ्यासाठी मला बोलवायची गरजच काय होती? हे तुमचे संग्राम सर परवा फोनवर काय म्हणाले सांगू? "मॅडम, पोरं बायोमेडिकलची हायत, तासभर या, उपयोगी वेबसाइट तेवढ्या सांगा आणि जावा, बास!" जसं काय मी भाजीवाली, पाटी घेऊन यायचं, चार जुड्या टाकायच्या आणि चालू पडायचं! अरे, दोन हजार सात साल उजाडलंय, तुमच्याकडं लॅब हाय, लॅबला एसी हाय... आणि ती मागच्या बाकावरची दोघं का हसाय लागलीत? बाई असून 'म्हणतो' म्हणाली म्हणून? कुठलं पावणं हे? पुण्याचं? मग बरोबर हाय. बाळांनो, कोल्हापुरात बायका पण 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणतात, आणि मी तर कसबा बावड्याची, तवा सवय करून घ्या. नाव राजनंदिनी. आईबापानं कौतुकानं ठेवलंय, आणि हॉस्पिटलात मला म्हणायचे 'वायरमन मॅडम'. चार वर्षं बायोमेडिकल शिकलो आणि पहिलं काम काय केलं? डॉक्टरांच्या केबिनमधला पंखा!

तर वेबसाइट. घ्या लिहून. पहिली, मशीन बनवणाऱ्या कंपनीची साइट. लई देखणी. गोरी नर्स, गोरा पेशंट, दोघं हसाय लागल्यात. पेशंट का हसतोय ते कुणाला ठाऊक न्हाय. आणि 'सर्व्हिस मॅन्युअल' म्हणून बटण दाबलं की येतंय काय? पासवर्ड! फक्त अधिकृत विक्रेत्यांसाठी! म्हंजे मशीन तुमच्या दारात, पेशंट तुमच्या दारात, आणि किल्ली त्यांच्या खिशात. हे मला कधी कळलं? थांबा, तेच सांगतो. तुम्हाला सांगतो, मी त्या वेळी इथल्याच एका धर्मादाय हॉस्पिटलात होतो, नाव विचारू नका. तिथं डायलिसिसची मशिनं होती दोन. सेकंडहँड, परदेशातून दान आलेली, अंगावर सगळं जर्मनमध्ये लिहिलेलं, आणि सोबत पुस्तक? एक पान न्हाय! मी आमच्या मॅनेजरकडं गेलो, बाळासो त्यांचं नाव, कायम सफारी, खिशाला दोन पेनं, दोन्ही वाळलेली. म्हटलं, साहेब, कंपनीशी देखभालीचा करार करा, ही रक्ताची मशिनं हायत, पिठाची चक्की न्हाय. तर साहेब खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "मॅडम, जग कुठं गेलंय आणि तुम्ही कुठं? करार कशाला? सगळं नेटवर घावतंय की!"

नेटवर घावतंय की! हे वाक्य त्यांनी कुठं ऐकलं देव जाणे, पण औषधासारखं दिवसातनं तीनदा! पंप आवाज करतोय? नेटवर घावतंय की! फिल्टर संपले? नेटवर घावतंय की! आणि हॉस्पिटलात नेट हाय का? न्हाय! मी जायचो राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत. लाकडी खुराडी, प्रत्येक खुराड्याला पडदा, आत कॉलेजची पोरंपोरी चॅटिंगला, आणि मधल्या खुराड्यात मी, पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर आणि समोर मशिनीतल्या पंपाचं चित्र, ते पण वरनं खाली पट्टी पट्टीनं उघडतंय! मालक दर वेळी विचारायचा, "ताई, कोण हायत फॉरेनला? ठरलं का लग्न?" अरे बाबा, पंपाचा फोटो हाय तो!

आता मशीन करतंय काय, तुम्हाला ठाऊकच असंल, पण सर, तुम्ही पण ऐका. रक्त नळीतनं बाहेर काढतंय, धुतंय, परत अंगात घालतंय. परत घालताना नळीत हवेचा बुडबुडा आला तर? सरळ काळजात. खेळ खलास. म्हणून तिथं एक सेन्सर बसलेला असतोय. त्याला बुडबुडा दिसला की घंटा वाजते आणि एक चिमटा नळी दाबून धरतोय. आमच्या एका मशिनीचा हा सेन्सर बिघडला. बुडबुडा असो नसो, घंटा चालूच! पेशंट दचकतोय, नातेवाईक पळत येतोय, चिमटा लागला की रक्त नळीतच गोठतंय. अक्षता सिस्टर कानावर हात ठेवून, "मॅडम, ते मुकं करा की हो, माझ्या स्वप्नात वाजाय लागलंय!" आणि बाळासो दारातनंच, "वायर काढून टाका की तिची! गाडीचा हॉर्न बिघडला म्हणून गाडी बंद ठेवतंय का कोण?"

मी कॅफेत. तर लिहून घ्या, दुसरी. जगभरच्या बायोमेडिकलवाल्यांचा एक ईमेलचा ग्रुप हाय. प्रश्न टाकायचा, कोण तरी उत्तर देतंय. मला कुणी दिलं? कॅनडातल्या एका म्हाताऱ्यानं. जन्मभर हीच मशिनं दुरुस्त करून रिटायर झालेला. त्यानं सेन्सर कसा उघडायचा, तडा कुठं जातोय, सगळं चित्र काढून पाठवलं. तडा होताच. आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, की पोरी, काही कर पण त्याची वायर काढू नको. तिसरी साइट त्यानंच सांगितली, अमेरिकेच्या सरकारची. कुठल्या मशिनीनं कुठं काय दगा दिला, सगळं उघड्यावर लिहून ठेवतात तिथं. मी वाचत बसलो. घंटा बंद केलेली. हवा गेली. पेशंट दगावला. परत दुसऱ्या गावात, घंटा बंद केलेली, हवा गेली... शेजारच्या खुराड्यात पोरगी खिदळत होती, आणि मी पुढचं पान उघडत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मशिनीचा प्लग काढला आणि वर चिकटपट्टीनं कागद लावला, 'वापरू नये', खाली माझी सही. डॉक्टर म्हणाले, तुमची सही हाय ना, मग बंद. आता राहिलं एक मशीन. दोन मशिनींचं माणूस एकावर. ज्यांच्याकडं जरा होतं ते खाजगीत गेले, न्हवतं त्यांच्या आठवड्याला दोन पाळ्या होत्या, त्याची एक झाली.

त्यात होती झुंबरबाई. कळंब्याची. आता हिचं काय सांगू! आल्या आल्या मशिनीला शिव्या. "नवऱ्याचं तोंड बघितलं न्हाय एवढं तुझं बघाय लागतंय भवाने!" किडन्या बंद, अंगातलं पाणी बाहेर पडायचं न्हाय, म्हणून प्यायचं पाणी वाटीनं मोजून, आणि घर कुठं? तलावाच्या काठाला! म्हणायची, "देवानं चेष्टा करावी, पण इतकी?" स्वतःला शेंगा वर्ज्य, तरी आमच्यासाठी उकडलेल्या शेंगा आणायची, आणि आम्ही खातोय ते असं बघायची, असं बघायची... की घास उतरायचा न्हाय. तिचा पोरगा कृष्णात, दूध संघात कामाला, बोलायला एकदम कमी. आईच सगळं बोलायची, त्याच्या वाट्याला उरायचंच न्हाय.

मी मुंबईला कंपनीच्या ऑफिसात फोन केला. सेन्सर मिळतोय, पण पैसे आधी. बाळासो म्हणाले, "एवढ्याशा बटनाला एवढं? नेटवर बघा, कोण तरी स्वस्तात देतंय की!" मी ग्रुपवर लिहिलं, तर त्या म्हाताऱ्यानं काय करावं? स्वतःच्या गॅरेजमधला सेन्सर काढला, कापसात गुंडाळला आणि पोस्टानं पाठवला. फुकट! ना ओळख, ना पाळख! आणि तो मुंबईत कस्टममध्ये अडकला. वैद्यकीय उपकरण हाय, परवाना दाखवा, हॉस्पिटलचं पत्र द्या. बाळासोंकडं पत्र मागितलं तर म्हणतात, "फुकट आलंय म्हंजे लफडं हाय. ट्रस्टींना विचारतो." आणि ट्रस्टी कुठं? निवडणुकीत! मी रोज विचारायचो, ते रोज म्हणायचे, उद्या.

इकडं झुंबरबाईचे पाय सुजले. मग तोंड. मग जिना चढताना मधेच बसाय लागली. एक दिवस पाळी नसताना आली, भिंतीला धरत, आणि त्या बंद मशिनीजवळ मला गाठलं. "पोरी, लाव मला हिच्यावर."

म्हटलं, आक्का, बिघडलीया ती.

"वाजतीया न्हवं नुसती? वाजू दे की. न्हायतर तोड तिची वायर. साहेब म्हणत्यात तुटतीया म्हणून."

म्हटलं, हवा गेली तर जागच्या जागी जाशीला.

तर ती हसली. दम लागत होता तरी हसली. म्हणाली, "आणि न्हाय लावलीस तर पाण्यानं जातो. हवेनं जायाचं का पाण्यानं, एवढंच सांग. नेट बघतीस न्हवं तू?"

मी न्हाय लावली. डॉक्टरांकडं पळालो, दुसऱ्या मशिनीवर कुणाची तरी पाळी पुढं ढकलून हिला घ्या म्हटलं, तर त्या कॉटवरचं पोरगं कॉलेजचं, त्याची आई माझ्याकडं बघाय लागली. कुणाला उठवणार? तुम्ही सांगा की! हुशार हायसा, पहिल्या बाकावर बसतासा, सांगा कुणाला उठवायचं? डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी पहिली हिलाच घेऊ.

ती दुपारीच गेली. घरात, उंबऱ्याला टेकून बसलेली. छातीत पाणी भरलं.

कृष्णात नंतर हॉस्पिटलात आला. मला वाटलं आता दगड घालतोय. वाट बघत होतो, खरं सांगतो, घालावा असंच वाटत होतं. त्यानं काय केलं? त्या मशिनीवरचा माझा कागद वाचला. हळू वाचला, दोनदा. आणि म्हणाला, "ताई, त्या दिवशी लावली असती, तर वाचली असती?"

म्हटलं, कृष्णात, मला ठाऊक न्हाय.

"बरं," म्हणाला. आणि गेला.

मी कॅफेत जाऊन बसलो. सगळं लिहिलं त्या म्हाताऱ्याला. म्हातारा म्हणाला, तू केलंस ते बरोबर. घंटेशिवाय मी पण लावली नसती. चांगला माणूस. पण कृष्णातनं ते विचारलंच न्हवतं. त्यानं विचारलं वाचली असती का. आणि बाळांनो, ते मी कुठंकुठं शोधलं! अमेरिकेच्या सरकारच्या साइटवर बघितलं. तिथं मशीन लावून मेलेली माणसं सापडतात. मशीन न लावता मेलेली कुठंच सापडत न्हाईत. त्यांची साइटच न्हाय.

आणि सेन्सर? आला की! निवडणूक झाली, ट्रस्टी रिकामे झाले, पत्रावर सही झाली, कस्टमनं सोडला. मी बसवला. नळीत मुद्दाम बुडबुडा सोडून बघितला, घंटा वाजली. सोडला न्हाय तर गप्प. देखणं चाललं मशीन! बाळासोंनी हार आणला, नारळ फोडला, मशिनीला हळदीकुंकू लावलं, पेपरवाल्याला बोलावलं आणि मला पुढं ओढून त्याच्यासमोर म्हणाले, "बघा, मी म्हणत न्हवतो? नेटवर घावलं की!" मी पेढा खाल्ला. खाल्ला, काय करू? तोंडात घातलाच त्यांनी.

तर ह्या झाल्या साइट. कंपनीची, ती उघडणार न्हाय. ग्रुप, तो उघडतोय, तिथं चांगली माणसं हायत, प्रश्न नीट विचारा. आणि सरकारची, ती पोट भरलेलं असताना वाचा. संपलं माझं. सर घड्याळ बघाय लागल्यात, चहा आलेला दिसतोय... काही विचारायचं असलं तर विचारा.

हां, तू. उभी राहा की, लाजतीस काय. नाव काय? श्रुती. बोल श्रुती... मोठ्यानं बोल, एसीच्या आवाजात ऐकू येत न्हाय... काय?... हे परीक्षेला हाय का?

न्हाय गं बाई. डायलिसिसची आकृती तेवढी येते, चार मार्काला. हे लिहून घेतलं असशील तर खोड.