जित्या लेकाची वाकळ

आता मला सांगा मंडळी — दान म्हणजे काय? नको झालेलं देणं, का हवंसं वाटतं ते देणं?

कोण म्हणालं, 'हवंसं'? शाबास! मग जखमी जवानांसाठी देवळाबाहेर जे गाठोडं बांधलंय, त्यात बाही फाटलेला सदरा कुणाचा हो? ...बघा, सगळे खांबाकडे बघायला लागले! असू द्या. गिरजाबाईची गोष्ट ऐका.

डोंगराकडेची वाडी. घरटी एक पोरगा फौजेत. गिरजाबाई विधवा बाई, तिला एकुलता एक आनंदा — तोही सीमेवर. लढाई पेटलेली, आणि दोन महिने पोराची खुशाली नाही! घरात त्याची एक वाकळ होती. आईनं आपलं लग्नातलं लुगडं आणि त्याची लहानपणची अंगडी जोडून शिवलेली. रोज उन्हात टाकायची, झटकायची, घडी घालून ठेवायची. पोरगा येईल, पांघरेल!

अशात वाडीत बैलगाडी फिरली. मिलिटरीच्या दवाखान्यात जखमी पोरं थंडीनं काकडतायत, पांघरुणं द्या! लोकांनी दिली हो. कुणी चादर, कुणी कांबळं. आणि गिरजाबाई बाहेर आली — काखेत आनंदाची वाकळ!

शेजारची सरूकाकी किंचाळलीच, "अगं ए गिरजे! जित्या लेकाचं अंथरूण दान करतीस? त्ये तेराव्याला देत्यात! तोंडानं अभद्र बोलू ने, पर तू हातानं करतीस की गं!"

खरं होतं मंडळी. माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण दान करायचं, ही रीत. जित्याचं द्यायचं म्हणजे मरणाला आवतण! गिरजाबाईला का ठाऊक नव्हतं? वाकळ तिनं घट्ट धरली, तोंडाशी नेली. लेकराचा वास येत होता हो!

मग म्हणाली, "काकी, घडी घालून ठिवली म्हणून माझा लेक जगायचा हाय का? तिकडं कुणाच्या तरी लेकराला हीव वाजतंय. त्याची आई हितं न्हाई. मी हाय!"

टाकली गाडीत! आणि मागं न बघता घरात गेली. केवढं काळीज म्हणायचं हे!

पण पुढचे दिवस? पाणवठ्यावर बायका गप्प व्हायच्या. कुत्रं रडलं तरी हिचा जीव उडायचा. एकदा मनात आलं — आपल्याच हातानं पोराला घालवलं का मी?

आणि एका दुपारी फाट्यावर एस.टी. थांबली. कुबडी टेकत एक जवान उतरला... आनंदा! पाय जायबंदी, पण जिता! आईनं भाकरतुकडा ओवाळला, आत घेतलं. पोरगा टेकला आणि पहिलं काय विचारावं?

"आई, माझी वाकळ कुठाय?"

गिरजाबाई म्हणाली, "दिली रं... जखमी पोरांस्नी."

आनंदा हसला. काखोटीची वळकटी सोडली. आत लाल फुलांची जाड रजई! म्हणाला, "तिकडं पंजाबच्या दवाखान्यात दात वाजत हुते माझं. एक म्हातारी आली, तिनं ह्या रजईत मला गुंडाळलं. म्या इचारलं, माई, किसकी है? म्हणाली, मेरे बेटे की. तोबी लढाईवर हाय. आन् दारात तिची शेजारीण आरडत हुती — आपल्या सरूकाकीवानी!"

हसताय? हसा! पण गिरजाबाई नाही हसली. रजईवर हात फिरवत तिनं विचारलं, "त्या माउलीचा लेक आला का रं घरी?"

"ठावं न्हाई, आई."

तेव्हापासून दिव्याला हात जोडताना ती दोन लेकांसाठी मागायची. एकाचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं.

तर मंडळी, आपली गाडी उद्या सकाळी निघणार. तो फाटका सदरा ज्याचा असेल त्यानं गुमान घेऊन जावा, पायपुसण्याला होईल. आणि येताना ते आणा, जे देताना हात मागं ओढतो. तिकडं कुणीतरी काकडतंय. त्याची आई तिथं नाही. तुम्ही आहात ना? मग म्हणा मोठ्यानं — पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!