गच्चीवरचा पंप

...आणि वर मलाच विचारतात, "शेखरराव, तुम्हाला नसती उठाठेव सांगितली होती कोणी?" आता कोणी सांगितली होती, काय सांगू? सेक्रेटरी केलं तुम्हीच, म्हणजे मीटिंगला मी जरा उशिरा पोचलो आणि मी पोचेपर्यंत यांनी मला करूनसुद्धा टाकलं होतं, ते एक असो... पण तुम्हाला सांगतो, गरम पाण्यापायी माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात, हे मला या थंडीत कळलं.

नाशिक रोडला राहतो आम्ही, जेलरोडच्या बाजूला. साधी चार मजली बिल्डिंग, गच्चीवर सोलर. जुना सोलर, बिनपंपाचा. म्हणजे उन्हानं पाणी तापतं, तापलं की हलकं होऊन आपलं आपण टाकीत चढतं, टाकीतून आपलं आपण नळाला उतरतं. वीज नाही, मोटार नाही, काही नाही. आमचे रावजीकाका टाकीच्या बरोबर खाली राहतात, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. ते या सोलरचं असं कौतुक करायचे की जणू यांनीच शोध लावलाय. "शेखरराव, हे शुद्ध विज्ञान आहे. गरम वर, गार खाली. याला माणसाचा हात लागता कामा नये." बरोबर आहे हो काका, तुम्ही नळ सोडला की वाफा. पण तळमजल्याचं काय? एवढा लांब पाइप मागच्या भिंतीवरून उघडाच उतरतो, रात्रभर त्यातलं पाणी गारठतं, सकाळी बादल्यांवर बादल्या ओतून द्याव्यात तेव्हा कुठं कोमट यायला लागतं.

आणि तळमजल्यावर राहतात मालनमावशी. एकट्या. माहेर देवळ्याकडचं, लहानपण विहिरीवरून पाणी वाहण्यात गेलेलं. त्या बाईला तुम्ही सांगा, मावशी, पाणी ओतून द्या. "शेखर, चांगलं पाणी वतून द्यायला हात नाय रं धजत." मग काय करायच्या, तर बादलीत आलेल्या त्या गार पाण्यानंच आंघोळ. डिसेंबरात. नाशिकच्या डिसेंबरात, जिथं मी सकाळी स्वेटर घालून चहा पितो. मग व्हायचं तेच झालं, छाती भरली, डॉक्टरांनी बजावलं की आता गार पाण्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, पंप बसवू. एक परतीचा पाइप टाकायचा, पंप पाणी फिरवत ठेवणार, तळमजल्याला नळ सोडताक्षणी गरम. आता माझं चुकलं कुठं, तुम्हीच सांगा.

पण रावजीकाका पेटले. मीटिंगमध्ये उभे राहून अर्धा तास विज्ञान. जे काम निसर्ग फुकट करतो त्याला मोटार लावणारे आपण कोण, वगैरे वगैरे. मतं घेतली, पंप मंजूर झाला, आणि काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटले की जयभीम घालायचे, तोही बंद. नुसते भिंतीकडे बघत उतरायचे.

हर्षल म्हणून एक प्लंबर आणला. कामाला चटपटीत, पण मलाही काका म्हणायचा, आणि त्याचं एकच वाक्य. काका, टेन्शन नको. पाणी गारठू नये म्हणून पाइपला वरून फोमचं जाकीट घालायचं का रे? काका, टेन्शन नको. पंप दिवसरात्र चालू राहिला तर चालेल का? काका, टेन्शन नको. मी घेतलं नाही टेन्शन... आणि पहिल्या सकाळी मालनमावशींनी नळ सोडला, पाणी गरम आलं, आणि ती बाई ओल्या हातानं माझ्या दाराशी आली. माझी बायको आशा, तिचा हात धरला, गालाला लावला आणि गेली. तुम्हाला सांगतो, मला वाटलं जिंकलो.

पण थंडी वाढली ना. पंप रात्रभर पाणी फिरवतोय त्या उघड्या पाइपातून, अख्खी टाकी भिंतीवरून फेऱ्या मारतेय, आणि फिरून फिरून पाणी गार. आधी एक घर गारठत होतं, आता सगळी बिल्डिंग कोमट. आशा म्हणाली, छान, समानता आणलीत. मी हर्षलला फोन करतोय, तो लग्नाला गेलाय, टेन्शन नको म्हणतोय. आता मला काय स्वप्न पडलं होतं की पाणी फिरून गार होईल? माझं चुकलं कुठं?

आणि त्यात एका संध्याकाळी रावजीकाका गच्चीवर गेले आणि पंपाचा खटका बंद करून आले. मला सांगितलं नाही, बोलणंच बंद होतं. तळमजल्याला तर नाहीच नाही.

सकाळी मालनमावशी डोक्यावरून न्हायला बसल्या. निदान कोमट तरी येणारच या भरवशावर पहिला तांब्या सरळ डोक्यावर. बर्फ. दुसरं कोणी असतं तर उठलं असतं, ओरडलं असतं. या बाईनं नळ बंद केला, पाणी वाया नको म्हणून, आणि ओल्या अंगानं तशीच पाटावर बसून राहिली, वाट बघत. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, मशीन हाय, दमलं आसंल. येईल जरा वेळानं."

आशाला खोकला ऐकू आला म्हणून कळलं. ओठ निळे पडलेले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून होतो आणि मनात रावजीकाकांना जे जे बोलत होतो ते इथं सांगता येणार नाही.

मग काका आले. टोपी हातात. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते माझ्यापुढून आत गेले, खाटेपाशी उभे राहिले.

"मालनबाई, पंप मी बंद केला होता."

मला वाटलं आता रडतील, नाहीतर तोंड फिरवतील. त्यांनी नाकावरची नळी जराशी सरकवली.

"वर तुम्हाला गार लागत व्हतं का?"

काका म्हणाले, हो.

"मग मला सांगायचं ना. मी थांबले असते."

तो माणूस तिथं स्टुलावर बसला, तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

मावशी घरी आल्या, बऱ्या आहेत. पाइपांना जाकिटं घातली, काकांनी स्वतः उभं राहून. हर्षल टायमर लावायला आला तर त्याला हाकलून दिलं. यंत्राचा काय भरवसा, माणसाचा हात पाहिजे, म्हणाले. हे कोण म्हणतंय, रावजीकाका. आता रोज पहाटे मफलर गुंडाळून गच्चीवर जातात, पंप चालू करतात, खाली येऊन मालनमावशींचं दार वाजवतात, "घ्या, आलं," आणि आंघोळी उरकल्या की बंद करून येतात. पाहुण्यांना गच्चीवर नेऊन दाखवतात. बिल्डिंगमध्ये त्याला रावजींचा पंप म्हणतात. माझा जयभीमही परत मिळाला.

एवढंच आहे, परवा काकांना उठायला जरा उशीर झाला, तर अख्खी बिल्डिंग टॉवेल गुंडाळून माझ्या दारात. म्हटलं, अहो, पंप रावजींचा ना? तर म्हणे, गरम आलं तर रावजींचा... गार आलं की सेक्रेटरीचा.