मशीन बिघडलं नव्हतं

“तुमच्या साहेबांनी माझ्या बहिणीचे कान घालवले.”

कानाच्या दवाखान्यात बाकावर बसलेला साउंडवाला गाण्याच्या कार्यक्रमाच्या आयोजकाच्या माणसाला म्हणाला, तशी शेजारच्या म्हातारीनं आपला बरा कान तिकडे वळवला.

“दादा, कागदावर ‘मशीन बिघडलं’ एवढंच लिहिलंय. सही करा.”

“बिघडलं नव्हतं. आवाज एकदम चढला तर दाबायला मी कंप्रेसर लावला होता. गाणं मिळमिळीत वाटतंय म्हणून साहेबांनी तो बंद करायला लावला.”

“बंद तुम्हीच केलात ना?”

“केला. माझी अक्कल शेण खायला गेली होती. माइकनं शिटी मारली तेव्हा ताई स्पीकरपुढेच उभी होती.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“ऐक, आत तिला तिसऱ्यांदा नाव विचारतायत.”

“मग, सही करताय ना?”

“साहेब स्वतः का नाही आले, ते आधी सांग.”