दुसरी भुवई संध्याकाळी

—नाही हो मॅडम, दुखत नाही, तुम्ही फक्त डोळा ताणून धरा! आणि बोलू नका, बोललात की भुवई वाकडी. बोलायचं काम माझं — बाकीच्या पोरी दोरा दातात धरतात, मी मानेला अडकवते, तोंड मोकळं राहतं. नवरा म्हणतो, रचना, तुझं पार्लर कमी, आकाशवाणी जास्त. म्हणू दे. स्वतः बोलतो कुठे तेवढं तरी? जयंतीच्या मिरवणुकीत अख्ख्या डोंबिवलीला मिठ्या मारेल, घरी आला की मुका! आता नाशिकला बदली घेतलीय — मागून, बरं का, कोणी दिली नाही. काल जेवताना म्हणतो, "उद्या निघतोय. तुला काही म्हणायचंय?" मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "लोणचं देऊ का बरोबर?" — अहो, हसू नका, भुवई हलते!

मग काय, गळ्यात पडू? रत्नदीप, नको ना रे जाऊस, असं? हट्! एकदा रडलेले ना त्याच्यासमोर — पोटातलं बाळ गेलं तेव्हा, हॉस्पिटलमधून नुकते घरी आलेलो — तर हा उठला आणि भांडी घासायला गेला. सगळी भांडी, मांडणीवरची धुतलेलीसुद्धा! नळ फुल्ल सोडून. मी इथे रडतेय आणि ह्याला भांडी सुचतायत! तेव्हाच ठरवलं, मेले तरी ह्याच्यासमोर परत रडायचं नाही. आणि कामाची तऱ्हा बघा — मी नंतर आत जाऊन बघते तर साबणाची वडी कोरडी ठणठणीत. एवढा वेळ नळ सोडून हा तिथे नुसता...

नुसता उभा होता. रडत होता हो तो. मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ... आणि मी अजून लोणच्यात!

हलू नका म्हटलं ना — काचेबाहेर कोण ते? हाच! बॅग घेऊन. चावी दाखवतोय बघा, चावी द्यायला आलाय म्हणे. अरे, शेजारी जयाकडे ठेवली असतीस की! स्टेशन तिकडे, हा इकडे.

नाही, मी कुठे रडतेय? आयब्रो करताना येतंच पाणी डोळ्यांत. हो, करून घेणारीच्या, माहितीय मला! उठा तुम्ही. अहो, एका भुवईने कोणी मरत नाही, दुसरी संध्याकाळी करू. ओढणी घ्या कपाळावरून. आणि त्याला जरा आत पाठवा — नको, नको, मीच जाते. मॅडम, दार सोडा आधी!