माझ्या करंगळीच्या मापाची गिटार

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "नशीबवान आहात हो!" अहो, कसला नशीबवान? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी, चष्म्याचं दुकान चालवतो, दिवसभर समोरच्याला "वरून तिसरी ओळ वाचा" म्हणायचं, घरी यायचं, जेवायचं, बातम्या बघता बघता डुलकी काढायची, इतकं सरळ आयुष्य! त्यात ही गिटार कुठून आली? मी मागितली होती? तुम्हाला सांगतो, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो हो!

झालं काय, एक दिवस दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. गिटारी बनवतात. कारखान्यात नव्हे, घरी, हातानं, रंधा मारून, वर्षाला दोन नाहीतर तीन. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. म्हणाले, "बारीक रेघ दुहेरी दिसते." आता डोळे तपासताना दोन माणसं दहा मिनिटं नाकाला नाक लावून बसणार, काहीतरी बोलायला नको का? एरवी मी हवापाण्याचं बोलतो. त्या दिवशी तोंडातून गेलं, "लहानपणी मला गिटारीची फार हौस होती बघा. राहूनच गेलं." संपलं! इतकंच! उद्या दुकानात अंतराळवीर आला असता तर त्याला म्हणालो असतो, मलाही चंद्रावर जायचं होतं!

मिस्त्रींना मी चष्मा दिला, डॉक्टरांना दाखवून घ्या असंही सांगितलं, तर हे म्हणाले, "डावा हात बघू." मी दिला. उलटा केला, सुलटा केला, बोटं ताणली, खिशातल्या पट्टीनं मोजली, करंगळी दोनदा मोजली. मला वाटलं भविष्य बघतायत! मी विचारलंसुद्धा, "परदेशप्रवास आहे का?" म्हणाले, "करंगळी आखूड आहे." आणि गेले.

तेरा महिन्यांनी, भर दुपारी, गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि हे दारात उभे! हातात ही भली थोरली पेटी. उघडली... तर आत गिटार! मधासारखा रंग, त्यात लाकडाच्या सरळ बारीक रेघा, आणि दांडी हातात धरली तर माझ्याच बोटांत बसली, करंगळीसकट! मिस्त्री म्हणाले, "घ्या. तुमची राहिलेली हौस. भेट आहे." आता या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की अहो, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो हो?

घरी आणली. आमची ही म्हणाली, "हे कुणाचं?" म्हटलं, "माझं." म्हणाली, "का?" आता या 'का'ला उत्तर आहे का? मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही टाळ्यासुद्धा बेताल वाजवता." गेली गिटार कपाटावर!

पण मिस्त्री सोडतायत होय? दर गुरुवारी दुकानात हजर. "वाजवता ना?" मी आपला, "हो तर! रोज!" तिसऱ्या गुरुवारी म्हणाले, "डावा हात बघू." बोटांची टोकं चाचपली. लोण्यासारखी मऊ! तारा दाबणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात, हे मला काय माहीत? गुरुजींनी कोरी वही परत करावी तसा माझा हात मला परत दिला.

मी आपलं विषय बदलायला म्हटलं, "बसा, तुमचा नंबर बघू." बसले. सगळ्यात मोठं अक्षर विचारलं. म्हणाले, "तिथं अक्षर आहे?" मी भिंग बदललं, पुन्हा बदललं, पुन्हा... शेवटी त्यांनीच माझं मनगट धरलं. "राहू द्या. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्याचा पडदाच गेला, चष्म्याचं काम नाही आता. तुमची गिटार तेवढी पुरी झाली. तिची पुढची फळी तर बोटांनी चाचपूनच तासली. माझी शेवटची गिटार ती."

तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं मी लोकांना "आता दिसतंय का?" विचारतोय, आणि त्या दिवशी मला माझाच चष्मा पुसायला लागला. म्हणजे डोळ्यांतला उजेड चाललाय, आणि उरलासुरला या माणसानं घातला कशात? माझ्या करंगळीत! आणि मी? मी आपलं बोलायचं म्हणून बोललो!

त्याच संध्याकाळी कपाटावरून काढली. पुस्तक आणलं, ताल मोजायला मुलीला मागं बसवलं. पहिले आठ दिवस 'टिंग' नाहीच, नुसतं 'ठक'! बोटं अशी सोलवटली की चष्म्याचा बारीक स्क्रू धरवेना, एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी थेट त्याच्या चहात! शेजारीण येऊन विचारून गेली, "काही ठोकताय का?" ही म्हणाली, "नाही हो, संगीत चाललंय." तिसऱ्या महिन्यात मात्र एक साधी, अंगाईसारखी चाल बसली. बसली म्हणजे... टेकली.

परवा मिस्त्रींना घरी बोलावलं. काठी टेकत आले, खुर्चीत बसले, गिटारीच्या कडेवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "हं." वाजवली! दोनदा चुकलो. एकदा तर इतका, की ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर मला राहवेना. म्हटलं, "मिस्त्री, खरं सांगू? त्या दिवशी मी आपलं बोलायचं म्हणून बोललो होतो हो."

म्हणाले, "माहीत होतं."

"माहीत होतं?"

"सगळेच बोलतात. पण मला शेवटची एक करायची होती, आणि हात तुमचा समोर होता."

घ्या! बोला आता! मग माझी बोटं चाचपली, "हं, आलेत घट्टे" म्हणाले, आणि उठता उठता सांगतात कसे, "आवाज अजून मिटलेला आहे. नवं लाकूड. रोज वाजवा, दहा वर्षांनी उघडेल." म्हटलं, "दहा?" म्हणाले, "दहा. मी काही नसेन तेव्हा. तुम्ही ऐका."

दहा वर्षं! म्हणजे मी अडुसष्ट! गेली सहा वर्षं आमचे डॉक्टर घसा कोरडा करतायत, साखर सोडा, जरा चाला, मी कधी हूं की चूं केलं नाही. आणि कालपासून? सकाळी उठून बागेला चार फेऱ्या, चहा बिनसाखरेचा, जिना चढताना कठड्याला हात! अहो, निवांत म्हातारं व्हावं, वेळ झाली की जावं, एवढीच साधी इच्छा होती हो माझी... पण आता दहा वर्षं मरायचीसुद्धा सोय राहिली नाही!