हौदापुढची रिकामी ओळ

मेंढ्यांचा हौद यंदाच्या अंदाजपत्रकातून गेला. पण तो अजून पुरता गेला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सेनगावच्या स्टँडवर हिरासिंग बसची वाट पाहत होता तेव्हा मागच्या बाकावर ग्रामपंचायतीची साधना लॅपटॉप उघडून मेंढपाळ पुंजाजीला समजावत होती.

"काका, बजेट आता एआय करणार. कोणत्या ओळीचा अर्थ काय, ते मी त्याच्यासाठी लिहून राहिले."

"मंग हौदाचं लिव की."

"हौदापुढं आकडाच न्हाई."

"कसा असंल? घरोघरच्या पाळीनं भरतो आमी, पैका लागतच न्हाई. समद्यांना ठावं हाय."

"त्याला न्हाई ना. रिकामं दिसलं की हौदच नाही म्हणतो. जागा पार्किंगला देऊन राहिला."

"अन् मेंढ्या?"

"विचारलं. म्हणे, मेंढ्यांची नोंद आढळली नाही."

"मंग मीबी नसंन."

"तुमचं आधार हाय, काका."

"दुपारी आभाळ उतरतं बाई त्या हौदात. मेंढ्या ढग पिऊन जातात. हे लिव."

"कोणत्या रकान्यात?"

"इतर."

हिरासिंगची बस येऊन गेली. तो मागचं बोलणं ऐकत बसून राहिला. साधना टाईप करताना मोठ्यानं वाचत होती:

"सदर एआयने दुपारी बारा वाजता हौदावर समक्ष हजर राहावे, ही नम्र विनंती."